चरवीला ठाऊक हाय

घरातला एखादा जुना तांब्या उचला आणि काठाखाली बोट फिरवून बघा. बोटाला एखादं नाव लागेल. तुम्ही चौसाळा-मांजरसुंब्याच्या पट्ट्यातले असाल, तर ते नाव माझ्या हातचं असायची दाट शक्यता आहे. चौसाळ्याच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून मी चाळीस वर्षं लोकांची नावं कोरली. लोक मला नावमास्तर म्हणायचे. माझं खरं नाव फारसं कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगायला गेलो नाही.

लग्न, वास्तुशांत, जाऊळ अशा कामांची नावं असायचीच, पण माझं खरं गिऱ्हाईक मेलेल्या माणसांचं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला भावकीत भांडी वाटायची आमच्याकडे रीत आहे. पेला, तांब्या, नाहीतर डबा, आणि त्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण भिंतीवरच्या फोटोला हार वर्षातून एकदा पडतो आणि तांब्या रोज हातात येतो, हे आमच्या लोकांनी बरोबर हेरलेलं आहे. काही जण हौसेनं देवळाला पंखा देतात आणि त्याच्या पात्यांवर आजोबांचं नाव रंगवून घेतात. पंखा फिरायला लागला की आजोबा दिसेनासे होतात. लोडशेडिंग आहे म्हणून आमच्याकडे बरेच आजोबा वाचले.

मी ही कला उस्ताद करीमभाईंकडे शिकलो. त्यांच्या काळात मशीन नव्हतं. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं लाकडी ठोकळ्यावर धरायचं आणि बारीक छिन्नीवर हातोडी मारत टिंबाटिंबानं अक्षर उठवायचं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तसंच कोरलं. पुढं स्टील आलं आणि त्याच्यासोबत विजेचं मशीन आलं. मशीनची सुई घर्रर करत धातूवर नाचते आणि काम दहापट लवकर होतं. फरक एवढाच की मशीनचं अक्षर डोळ्याला दिसतं पण बोटाला लागत नाही. उस्तादांचं अक्षर आंधळ्यालाही वाचता आलं असतं. नावाच्या शेवटी ते तीन टिंबांचा एक त्रिकोण ठोकायचे. तीच त्यांची सही.

त्यांचा एक नियम होता. नाव तीनदा विचारायचं. एकदा पैसे देणाऱ्याला, एकदा घरातल्या बाईला आणि एकदा चिठ्ठीला. ते म्हणायचे, “कागद पो गलती हुई तो फाड देते बेटा, बर्तन पो हुई तो क्या करते?” त्याचं उत्तर मला मांजरसुंब्याच्या किसनतात्यांनी शिकवलं.

तात्यांचा फाट्यावर ढाबा होता. त्यांचा थोरला भाऊ रामराव वारला, म्हणून त्यांनी चार डझन पेले करायला टाकले. मजकूर साधा होता: ‘कै. रामराव यांच्या स्मरणार्थ, किसनरावकडून.’ मी चिठ्ठी एकदाच वाचली आणि लागलो कामाला. माझ्या हाताला ‘कै.’ची इतकी सवय होती की प्रत्येक पेल्यावर दोन्ही नावांआधी ‘कै.’ उतरलं. तात्या पेले न्यायला आले, त्यांनी एक उचलून वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय बे मास्तर, मेलेल्या माणसानं मेलेल्या माणसाला पेले दिलेत व्हय?”

मी सगळे पेले भरून देतो म्हणालो. तात्या तोवर पोट धरून हसायला लागले होते. “कावून भरून देतो? ऱ्हाऊ दे. यम आला की दाखवतो, म्हणतो हे बघ, आमी तर कवाच गेलतो.” ते पेले त्यांनी ढाब्यावर मांडले. ट्रकवाले चहा पिता पिता वाचायचे आणि समोर गल्ल्यावर बसलेल्या कैलासवासींकडे बघायचे. त्यानंतर तात्या चौदा वर्षं जगले आणि चहाही त्याच पेल्यातून प्यायले. ते गेल्यावर त्यांचा मुलगा दुकानात आला. मला वाटलं नवीन भांडी करायची असतील. तो म्हणाला, “मास्तर, नवीन नगंत. तात्या म्हणून गेलेत, आता जुनेच बरोबर झालेत.”

चुका मला माणसांनीच सुधारून दिल्या. एकदा एका बौद्ध शिक्षकांनी वडिलांच्या नावाची चिठ्ठी दिली आणि मी सवयीनं ‘कै.’ विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “आमचे वडील कैलासात गेले नाहीत, मास्तर. कालकथित लिहा.” तेव्हापासून मी नावासोबत नावामागे काय लावायचं तेही विचारू लागलो. या धंद्यात आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागलं, की समजावं आता एखादं भांडं वाया जाणार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तो छावण्यांचा दुष्काळ होता. जनावरं छावणीत, कर्ती माणसं ऊसतोडीहून परतून टँकरच्या रांगेत आणि बाजारपेठ ओस. अशा एका दुपारी चौसाळ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावातून बहीणभाऊ दुकानात आले. भाऊ अंकुशराव, पन्नाशीचा, घाईतला. बहीण कुशावर्ताबाई, साठीची, नारायणगडाच्या बाजूला दिलेली. त्यांची आई वारली होती आणि तेराव्याला चार दिवस होते. एक्कावन्न तांब्यांवर नाव हवं होतं.

“नाव?” मी विचारलं.

अंकुशरावांनी रेशनकार्डाची झेरॉक्स पुढं केली. त्यावर लिहिलं होतं: नकुसाबाई.

हे नाव मला नवं नव्हतं. चार मुलींवर पाचवी झाली की तिला नकुसा म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, अशी जुनी समजूत. तशा चार-पाच नकुसा मी कोरल्या होत्या आणि कोरताना मला काही वाटलंही नव्हतं. हे मी आज लाजून लिहितो आहे.

बहिणीला विचारायचं राहिलं. उस्तादांचा नियम मोडून मी मशीन सुरू केलं, पहिला तांब्या घेतला आणि ‘कै. नकु’ इथवर आलो. तेवढ्यात कुशावर्ताबाईंनी चालू सुईच्या पुढं तांब्यावर तळहात ठेवला. मी दचकून मशीन बंद केलं. सुई बोटभर अंतरावर होती.

“हे नाव घालायचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“अक्का, कागदावर हेच हाय,” अंकुशराव वैतागले. “सातबाऱ्याला हेच, मतदान यादीला हेच. दुसरं कुठून आणू?”

“जित्ती होती तवर समद्यांनी नको म्हणलं. आता मेल्यावर बी एक्कावन घरात नको नकोच म्हणायचं का?”

मी म्हणालो, ‘आई’ एवढंच कोरू. बाई म्हणाल्या, आई तर सगळ्यांनाच असते. मी म्हणालो, ‘गं. भा.’ लावून आडनाव घालू. त्यावर त्या म्हणाल्या, “गंगाभागीरथी कशाला मास्तर? गावात टँकरचं पाणी हाय.” त्या रडत होत्या आणि बोलणं मात्र असं. मला त्यांच्या आईचा अंदाज यायला लागला.

मी दोघांना बसवून चहा मागवला. मग विचारलं, घरात, गावात त्यांना हाक काय मारायचे? मुलं माय म्हणायची. नवरा ‘आगं’ म्हणायचा. गाव अंकुशची माय म्हणायचं आणि म्हाताऱ्या बाया पाटोदेकरीण, कारण माहेर पाटोद्याकडचं. ऐंशी वर्षांच्या बाईला चार हाका होत्या आणि त्यात नाव एकही नव्हतं.

“त्यांनी स्वतः कधी काही सांगितलं नाही?”

कुशावर्ताबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “एकदाच इच्यारलतं म्या. ल्हान होते. म्हणलं, माय, तुला बरं वाटतं का हे नाव? तर म्हणली, माझ्या मामानं लग्नात माझं नाव बदललं व्हतं. पर सासरी कुणी इच्यारलंच न्हाई. म्हणलं, कोणतं नाव? तर हसली. म्हणली, चरवीला ठाऊक हाय.”

“ते तिचं बोलणंच तसलं व्हतं,” अंकुशराव म्हणाले. “काई बी इच्यारलं की चुलीला ठाऊक, म्हशीला ठाऊक.”

पण माझे कान टवकारले होते. चाळीस वर्षं मी भांडी हाताळत होतो. लग्नात मामा भाचीला पितळेची चरवी देतो. भांडं दिलं की त्यावर नाव घालतो. आणि पाटोद्यापासून बीडपर्यंत तेव्हा नावं घालणारा माणूस एकच होता, आमचे उस्ताद. म्हातारीनं कोडं घातलं नव्हतं, सरळ उत्तर दिलं होतं. ते कळायला फक्त नावं कोरणारा माणूस पाहिजे होता.

“चरवी कुठंय?” मी उठूनच उभा राहिलो.

बहीणभाऊ एकमेकांकडे बघू लागले. मग कुशावर्ताबाईंनी जे सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथल्या अकरा बायांनी कामावरच ठरवलं की पाऊस पडला की गावात दूध संस्था काढायची. माणसं हसली. बायांच्या घरी एकेक मरतुकडी म्हैस, त्यात संस्था. पण पुढल्या वर्षी खरोखर अकरा जणींनी आपापलं अर्धा लिटर, पाव लिटर दूध एकत्र केलं. संस्थेकडे कॅन नव्हता. तेव्हा या बाईनं घरातली एकुलती एक पितळी चरवी आणून ठेवली. पहिलं दूध त्याच चरवीतून सडकेवर गेलं.

“म्याच डोक्यावर नेलती,” कुशावर्ताबाई म्हणाल्या. “ती परत घरी आलीच न्हाई. संस्थेचीच झाली.”

मी दुकानाच्या मालकांना सांगून ओट्यावरून उतरलो. अंकुशरावांच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं निघालो. साठीची बाई मध्ये, मी मागे पिशवी सांभाळत. पिशवीत चिंच, राख आणि उस्तादांची छिन्नी होती. छिन्नी का घेतली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दूध संस्थेची आता पक्की इमारत होती, फॅट तपासायचं यंत्र होतं, भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो होते. सगळे पुरुष. आम्ही सचिवांना चरवीचं विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं. तशी कुठली चरवी दप्तरात नाही म्हणाले. जुनी मोडीत निघालेली भांडी मागंच एका भंगारवाल्याला दिली होती. हे ऐकून कुशावर्ताबाई पायरीवर बसल्या. मीही मनातून खचलो. इथवर येऊन आपण त्या बाईला आणखी एकदा रडवलं असं मला वाटलं.

अंकुशराव मात्र आत गेले. मघापासून ज्याला घाई झाली होती तो माणूस कपाटामागे, पोत्यांखाली, माळ्यावर शोधू लागला. शेवटी तो देव्हाऱ्यापाशी थबकला. संस्थेच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढं उदबत्त्या खोचायला रेती भरलेलं एक काळंकुट्ट भांडं होतं. वर्षानुवर्षांच्या धुरानं त्याचा रंग कोळशासारखा झाला होता.

“अक्का,” अंकुशरावांनी आतून हाक मारली, “चरवीचा एक कान तुटका व्हता का?”

“माझ्या हातनंच पडलती,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

रेती ओतली. पाणी टँकरचं, मोजकं. सचिवांनी स्वतःच्या बाटलीतलं दिलं. मी चिंच आणि राख लावून घासायला लागलो. आधी हिरवट, मग तपकिरी, मग कडेला पिवळा ठिपका चमकला. डोळ्यांना मात्र अक्षर काही दिसेना. अक्षरांत काजळी घट्ट बसली होती. मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात कुशावर्ताबाईंनी चरवी माझ्या हातातून घेतली आणि काठाखाली अंगठा फिरवला.

“हितं काईतरी हाय मास्तर. बारीक बारीक टिपके हायत.”

मी छिन्नीच्या टोकानं एकेक टिंब मोकळं करू लागलो. शेवटून सुरुवात केली. सगळ्यात आधी तीन टिंबांचा त्रिकोण निघाला. उस्ताद! पंधरा वर्षांपूर्वी गेलेला माझा गुरू त्या भांड्यातून माझ्याकडे बघत होता. मग अक्षरं निघाली. सगळी निघाल्यावर मी मोठ्यानं वाचलं:

“चि. सौ. कां. हौसा हीस मामाकडून.”

कुशावर्ताबाई म्हणाल्या, “काय? परत वाचा.”

“हौसा.”

“हौसा,” त्या म्हणाल्या. घरच्यांनी जिला नको म्हणून नाव ठेवलं, तिला तिच्या मामानं हौसेची केलं होतं. पितळेवर ठोकून ठेवलं होतं, कोणाला पुसता येऊ नये म्हणून. आणि त्या बाईनं तेच भांडं दुष्काळातल्या अकरा घरांसाठी देऊन टाकलं होतं. नाव घरात उच्चारलं जात नव्हतं, पण गावाचं दूध त्या नावातून गेलं होतं.

अंकुशराव जमिनीवर बसले. आधारकार्ड, सातबारा, मतदान यादी, सगळ्या झेरॉक्स त्यांच्या खिशात होत्या. “माय गं,” ते म्हणाले, “एकदा तरी म्हणायचं ना.” आणि ढसाढसा रडले. बहिणीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

एक्कावन्न तांबे मी दोन दिवसांत केले. ‘हौसामाय यांच्या स्मरणार्थ.’ पुढंमागं काहीही नाही. तेराव्याला मला आग्रहानं बोलावलं होतं. ज्या गावात पाणी टँकरनं यायचं, तिथं एक्कावन्न रिकामे तांबे वाटले गेले आणि मला ते भरलेले वाटले. संस्थेच्या अकरा जणींपैकी हयात राहिलेली एक म्हातारी काठी टेकत आली होती. नातीनं नाव वाचून दाखवल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली, “आगं बया! संगं खडी फोडली, संगं दूध घातलं. पर नाव आज कळालं बघ!” मग ती त्या तांब्याला म्हणाली, “हौसे, लई उशीर केलास गं.” आणि सगळा मांडव रडता रडता हसला. चरवी मी घासून लख्ख केली होती. संस्थेनं ती देव्हाऱ्यातून काढून अध्यक्षांच्या फोटोंच्या रांगेत पहिल्या जागी मांडली. ती आजही तिथंच आहे.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आमची मांडणी बघितली. प्रत्येक भांड्यावर माझं नाव. माझ्या वडिलांचं नाव. आईचं एकाही भांड्यावर नाही, बायकोचंही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोला म्हणालो, तुझं नाव घालतो. ती म्हणाली, “चाळीस वर्षांनी आठवण झाली? घाला, पण ‘सौ.’ नका घालू, जागा वाया जाते.” आई मात्र तोवर गेली होती. तिची एक जुनी परात होती, तिच्यावर मी नाव घातलं. ते वाचायला ती नाही, ही सल माझ्यासोबतच जाईल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गर्दी दिसली. मला वाटलं भांडण झालं. जवळ गेलो तर त्या गावच्या बायका. कोणाच्या हातात दुधाची किटली, कोणाच्या हातात कळशी, एकीनं तर भाकरीचा तवाच आणला होता. सगळ्यांना नाव घालायचं होतं. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, आपापलं.

“कै. लावू नका बरं का मास्तर,” एक जण ओरडली. किसनतात्यांची गोष्ट तिथवर पोचली होती.

मी पहिलीला नाव विचारलं. ती आधी लाजली, मग बोलली. उस्तादांच्या नियमानं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती एवढ्या मोठ्यानं बोलली की समोरच्या कापडवाल्यानं मान वर केली. मग प्रत्येकीचा तोच क्रम झाला. ठकूबाई, चांगुणा, इंदुमती, गयाबाई. बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपेक्षा नावांचा ओरडा जास्त होता. दुष्काळानं मेलेल्या त्या पेठेत एवढा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. माझ्या सगळ्या कामाच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

सगळ्यांत शेवटी कुशावर्ताबाई आल्या. त्यांच्या हातात एक तांब्या होता, स्टीलचा. मी ओळखला. ‘कै. नकु’ कोरलेला तोच पहिला तांब्या, जो मी ओशाळून फडताळात लपवला होता. दुकानाच्या मालकांनी त्यांना तो शोधून दिला होता.

“हे मोडीत काढा,” त्या म्हणाल्या, “आन त्याच्या बदल्यात पितळेचं द्या. लहान चालंल. पर मशीन नका लावू.”

“का?”

“मला वाचता येत न्हाई. बोटाला लागंल असं लिव्हा.”

मी मशीनची वायर काढली. लाकडी ठोकळा मांडीशी घेतला, उस्तादांची छिन्नी काढली आणि पितळेचा एक लहान तांब्या पुढं घेतला. कित्येक वर्षांनी हातोडी धरली होती. ठोकळ्यावर मारून बघितलेलं पहिलं टिंब जरा तिरपं पडलं, मग हात बसला.

“नाव?”

“कुशावर्ता.”

“नाव?”

“कुशावर्ता म्हणलं न्हवं!”

“नाव?”

त्या ओट्यावर सरळ बसल्या आणि अख्ख्या चौसाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कुशावर्ता! हौसाची लेक!”

मी तेवढं सगळं कोरलं.